देवगावकर मॅडमचा सिद्धांत

शिकवून झालं की बहुतेक मास्तर "समजलं का?" असं विचारतात आणि वर्ग एका सुरात "हो सर" म्हणतो. आमच्या देवगावकर मॅडमनी हा प्रश्न कधी विचारला नाही. त्या खडू खाली ठेवायच्या, हात पदराला पुसायच्या आणि म्हणायच्या, "तसल्ली झाली का?"

हा शब्द त्यांच्या घरातला. वडील कन्नड गावच्या तहसिलीत कारकून, शिकलेले उर्दूतून. मॅडम म्हणायच्या, "समजलं म्हणायला काय लागतं? मान हलवली की झालं. तसल्ली व्हायला आतून व्हावी लागते." शेवटच्या बाकावरून एखादा उठून "बिलकूल नाय झाली मॅडम" म्हणाला की त्यांचा चेहरा खुलायचा. मग त्या तोच धडा नव्या वाटेनं पुन्हा सुरू करायच्या. तास संपल्याची घंटा व्हायची, पुढच्या तासाचे मास्तर दारात येऊन उभे राहायचे, आणि मॅडम त्यांनाही आत बोलवायच्या, "या, बसा. तुम्हाला तरी पटतंय का बघा."

मॅडम सुलभा देवगावकर. आमच्या भौतिकशास्त्र विभागात सैद्धांतिक मूलकण भौतिकी शिकवायच्या. संशोधन वैश्विक किरणांवर. म्हणजे अवकाशातून कुठून तरी प्रचंड वेगानं येणाऱ्या कणांवर. असा एखादा कण वरच्या हवेत एखाद्या अणूवर आपटतो, त्यातून शेकडो कण फुटतात, ते आणखी खाली कुणावर तरी आपटतात, त्यातून आणखी फुटतात, आणि जमिनीपर्यंत येता येता कणांची एक सरच्या सर कोसळते. आपल्याला काही कळत नाही. आपण उस्मानपुऱ्याच्या चौकात सिग्नल सुटायची वाट बघत असतो आणि ती सर आपल्यातून आरपार जात असते. "छत्री घेऊन उपयोग नाही," मॅडम म्हणायच्या.

मी विभागात रुजू झालो तो इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस म्हणून. गाव लासूर स्टेशन, घरची शेती. मुलाखतीच्या गोंधळात कुणी मला नीट काही विचारलंच नव्हतं. ते मॅडमनी पहिल्या दिवशी विचारलं.

"वाघचौरे सर, तुम्हाला येतं काय?"

मी म्हणालो, "मॅडम, सोल्डरिंग चांगलं येतं."

"मला अजिबात येत नाही," त्या म्हणाल्या. "इथंच बसा. माझ्या शेजारी."

ते खरंच होतं. त्यांनी हात लावला की यंत्र बिघडतं अशी विभागात श्रद्धाच होती. त्या प्रयोगशाळेत आल्या की आमचा प्रयोगशाळा सहायक मीटरवर फडकं टाकायचा, आणि त्याही दारातच चपला काढाव्यात तसे हात मागं बांधून आत यायच्या. त्यांचं सगळं काम कागद-पेन्सिलीवर. जुन्या छापील कागदांच्या कोऱ्या बाजूवर त्या लिहायच्या. परदेशात दोन वर्षं काढून त्या परत का आल्या, हे विचारणारे पुष्कळ होते. त्यांना त्या एकच उत्तर द्यायच्या, "कागद-पेन्सिलीला व्हिसा लागत नाही." मला मात्र एकदा चहा पिताना त्यांनी सरळ सांगितलं, "कन्नडच्या शाळेत मला विज्ञान शिकवायला हिंदीचे मास्तर होते. बिचारे आदल्या दिवशी पाठ करून यायचे. मला वाटलं, इथल्या पोरांना एक तरी माणूस असा मिळावा की ज्याला आदल्या दिवशी पाठ करावं लागत नाही."

त्यांच्या फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकोन आखलेला असायचा. वर लिहिलेलं, 'या आठवड्याची चूक'. खाली चूक आणि करणाऱ्याचं नाव. तो चौकोन पुसायची कुणाला परवानगी नव्हती. बाहेरून आलेले एक मोठे अधिकारी एकदा तो चौकोन बघून म्हणाले, "मुलांची अशी जाहीर बदनामी करू नये मॅडम." मॅडमनी त्यांना जवळ नेऊन नाव वाचायला लावलं. नाव मॅडमचंच होतं. बहुतेक आठवड्यांत त्यांचंच असायचं, कारण सगळ्यांत जास्त गणितं त्याच करायच्या.

दुसरा त्यांचा नियम भाषेचा. "लिहा इंग्रजीत, भांडा मराठीत." खेड्यातून आलेली पोरं चर्चेत इंग्रजीच्या धाकानं गप्प बसतात, हे त्यांना सहन व्हायचं नाही. त्यांच्या खोलीतली भांडणं ऐकून बाहेरून जाणाऱ्याला वाटायचं, बांधावरून वाद चाललाय.

एका वर्षी एम.एस्सी.च्या एका मुलानं विचारलं, "मॅडम, हे कण दिसत नाहीत, वास येत नाही, लागत नाहीत. मग मानायचे कामून?"

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. माझ्याकडं येऊन म्हणाल्या, "वाघचौरे, एक पेटी करा. कण गेला की वाजली पाहिजे."

मी पेटी केली. दोन नळ्या, एक सर्किट, एक बॅटरी आणि टिक टिक वाजणारा भोंगा. ती घेऊन, रीतसर परवानगी काढून, आम्ही सगळा वर्ग दौलताबादच्या किल्ल्यावर गेलो. खाली मोकळ्या जागेत पेटी भराभर वाजत होती. पोरांनी मोजून घेतलं. मग आम्ही अंधारीत शिरलो. अंधारी म्हणजे किल्ल्यातला तो काळाकुट्ट बोगदा, डोक्यावर अख्खा डोंगर. तिथं एक गाइड हातात पलिता धरून पर्यटकांना, शत्रूचे सैनिक इथं अंधारात कसे कापले जायचे, ते सांगत होता. गोष्ट रंगात आलेली, आणि मागून आमची पेटी, टिक... टिक...

त्यानं पलिता आमच्याकडं वळवला. "मॅडम, ये क्या लेको आये? बम-विम तो नहीं?"

"बम नक्को, भाईसाब," मॅडम म्हणाल्या. "आसमान से बारीक-बारीक गोलियाँ आतीं. ये डब्बा गिनता. बाहर ज्यादा गिनता, अंदर कम. पहाड़ रोक लेता ना."

गाइडनं कान देऊन ऐकलं. खरोखरच पेटी आता दम घेत घेत वाजत होती. तो पर्यटकांकडं वळला आणि छाती काढून म्हणाला, "देखे? ये वो किला है, जिस में दुश्मन तो दुश्मन, आसमान की गोली भी नहीं घुसती!"

पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम मात्र बेचैन झाल्या. टाळ्या थांबेपर्यंत थांबल्या आणि अंधारातच म्हणाल्या, "भाईसाब, थोड़ी घुसती. झूट नक्को बोलो. वाजतीय बघा अजून." आणि खरंच, सगळे गप्प झाले तशी पेटी एकदा वाजली. तो प्रश्न विचारणारा मुलगा पेटीला कान लावून बसला होता. बाहेर आल्यावर मॅडमनी त्याला विचारलं, "तसल्ली?" तो म्हणाला, "आता झाली."

माझे वडील एकदा कांद्याची गोणी घेऊन विभागात आले. मी तासावर होतो, म्हणून मॅडमनी त्यांना आपल्या खोलीत बसवलं. मी परत आलो तेव्हा दोघांचं चांगलं रंगलेलं होतं. वडील विचारत होते, "ताई, तुमी ह्ये जे करता, त्याचा उपयोग काय?"

"आज तरी काहीच नाही, काका."

"काय बी नाय?"

"काय बी नाय."

"मग सरकार तुमाला पगार कामून देतं?"

मॅडम डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग त्यांनी वडिलांना हात पुढं करायला सांगितला. म्हणाल्या, "आपण बोलतोय तोवर ह्या तळहातातून कितीतरी कण पार होऊन गेले. ते पार वरून, कुठल्या तरी फुटलेल्या ताऱ्याकडून आलेत. आता कुणीतरी तुमच्या घरातून रोज आरपार ये-जा करतंय, तर ते कोण हे घरात एकाला तरी ठाऊक असावं का नाही?"

वडिलांनी हात उलटसुलट करून बघितला. स्टँडवर जाताना मला म्हणाले, "बाई लई हुशार हाय. पर ह्या धंद्यात बरकत दिसत नाय." पुढं मी गावी गेलो तेव्हा कळलं, आडतीवर बसून ते लोकांना हात पुढं करायला लावतात.

आता मॅडमच्या सिद्धांताचं सांगतो. त्यासाठी एक अडचण सांगायला हवी. कणांची ती सर जमिनीवर येते तेव्हा तिच्यात म्यूऑन नावाचे कण असतात. ते किती असावेत याचा हिशोब मांडता येतो. पण प्रत्यक्षात मोजले तर ते हिशोबापेक्षा जास्त भरतात. का, ते जगात कुणालाच नीट ठाऊक नाही. मॅडमनी तरुणपणी याचं एक उत्तर सुचवलं होतं. त्यांचं म्हणणं असं की, आकाशातून आलेला कण हवेवर पहिल्यांदा आदळतो, त्या पहिल्याच टकरीत कधी कधी काहीतरी वेगळं घडतं, जे आपल्या पुस्तकांत नाही. आणि त्यामुळे पुढं म्यूऑन जास्त होतात. बाहेरच्या देशांतही काही जणांनी याची दखल घेतली होती. आमच्या विभागात तर त्याला सरळ 'देवगावकर सिद्धांत' म्हणत. अर्धं आयुष्य मॅडम तो घासूनपुसून नेमका करत होत्या.

त्यांच्या निवृत्तीच्या आधीच्या काही वर्षांत सविता मनगटे ही मुलगी त्यांच्याकडं पीएचडीला आली. कन्नडजवळच्या खेड्यातली, घरी ऊस आणि मका. पहिल्या सेमिनारला ती इंग्रजीत दर वाक्याला अडखळत होती. मॅडम म्हणाल्या, "सविता, मराठीत भांड." त्या दिवसापासून पोरगी जी भांडायला लागली ती थांबली नाही. तिचे वडील, त्यांना सगळे अण्णा म्हणत, महिन्या-दोन महिन्यांनी यायचे, दारात उभे राहून मॅडमना हात जोडायचे आणि तोच प्रश्न विचारायचे, "मॅडम, पोरीचं कवा व्हणार? गावात इचारतेत." मॅडम म्हणायच्या, "अण्णा, उसाला वेळ लागतो का नाही?" अण्णा म्हणायचे, "लागतो. पर ह्यो ऊस लईच उंच चाललाय."

सवितानं काम घेतलं होतं मॅडमच्याच सिद्धांताचं. परदेशातल्या एका मोठ्या पठारावर अशा सरी मोजणारी यंत्रं मैलोगणती पसरून ठेवलेली आहेत. त्यांची नवी मोजमापं प्रसिद्ध झाली होती. सिद्धांत त्यांच्याशी ताडून बघायचा, एवढंच. सगळ्यांची खात्री होती की ताळा जुळणार.

एका दुपारी सविता माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. डोळे लाल.

"सर, मॅडमचं जुळंना."

"म्हणजे तुझं काहीतरी चुकलं असेल."

"मलाही तसंच वाटलं. चारदा नव्यानं केलं. दरवेळी तेच येतंय." तिनं ओढणीनं नाक पुसलं. "सर, मी कसं सांगू? निवृत्तीला थोडे दिवस राहिलेत त्यांच्या. मी विषयच बदलून घेऊ का?"

मी तिला मॅडमच्या खोलीपर्यंत नेलं. पुढचं मी दारातून ऐकलं.

"मॅडम, माझं कुठंतरी चुकतंय."

"कुठं?"

"सापडंना."

मॅडमनी तिच्याकडं नीट बघितलं. "किती दिवस शोधतीयस?"

"दिवाळीपासून."

"मग तुझं चुकत नसेल," मॅडम म्हणाल्या. "बस. दाखव."

त्यानंतर मॅडमनी तो गठ्ठा घरी नेला. दोन आठवडे त्या फक्त तासापुरत्या यायच्या. चहाला बोलावलं तर मानेनंच नको म्हणायच्या. पोरीचा हिशोब मोडायचे सगळे रस्ते त्यांनी धुंडाळले, असं नंतर सविता सांगायची; रोज सकाळी एक नवी शंका, आणि रोज संध्याकाळपर्यंत सविता ती फेडायची. शेवटच्या दिवसांत शंका लहान होत गेल्या. मग एका सकाळी शंका आलीच नाही.

त्या दिवशी मॅडम माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "गेला."

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं, सिद्धांत गेला. मी तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला. "वाईट वाटतंय का असं विचारू नका. वाटतंय. काल जेवण गेलं नाही." थोड्या वेळानं म्हणाल्या, "पण वाघचौरे, एक सांगू? चूक ठरायलासुद्धा आधी माणसाला काहीतरी नेमकं म्हणावं लागतं. नुसतं गोल गोल बोलणाऱ्याला कोण खोटं ठरवणार? मी नेमकं म्हणाले होते, म्हणून पोरीला ते मोडता आलं. आणि काय मोडलंय! एक टाका राहू दिला नाही." हे सांगताना त्यांचा आवाज चढत गेला. एखादी आई आपल्या लेकीनं कुस्ती मारल्याचं सांगते, तसा.

त्याच दिवसांत विभागात त्यांच्या निवृत्तीच्या गौरव समारंभाची तयारी चालू होती. फलक छापून आला होता आणि त्यावर मोठ्या अक्षरात 'देवगावकर सिद्धांत' असं होतं. मुंबईहून प्राध्यापक सबनीस पाहुणे म्हणून येणार होते. ते मॅडमचे विद्यार्थिदशेपासूनचे स्नेही, याच विषयातले, तोंडाचे फटकळ. विभागप्रमुखांच्या कानावर सविताचं काम गेलं, तेव्हा ते घाईघाईनं मॅडमकडं आले.

"मॅडम, एवढं समारंभापर्यंत राहू द्या. नंतर काय ते जाहीर करा. महिन्यानं काय बिघडतंय?"

"सर," मॅडम म्हणाल्या, "माणूस गेल्यावर हार घालतात, ते ठीक. गेलेल्या सिद्धांताच्या अंगावर शाल घालता का?"

"पण मग कार्यक्रमात बोलायचं काय?"

"बोलायचं आहे की. सविता बोलेल. माझं गौरवाचं भाषण काढून टाका, त्या जागी तिचं व्याख्यान ठेवा."

विभागप्रमुखांनी कपाळाला हात लावला. पण मॅडमपुढं कुणाचं चाललं आहे? फलकावर मात्र 'देवगावकर सिद्धांत' तसंच राहिलं, कारण दुसरा छापायला वेळ नव्हता. मॅडम म्हणाल्या, "राहू द्या. कशावर बोलणार ते लोकांना कळायला नको का?"

समारंभाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. जुने विद्यार्थी कुठून कुठून आले होते. दुसऱ्या रांगेत कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत अण्णा बसले होते, हातात मॅडमसाठी आणलेला नारळ. पोरीचं भाषण आहे एवढंच त्यांना ठाऊक होतं.

सविता उभी राहिली. पहिली दोन वाक्यं अडखळली. मग तिनं मॅडमकडं बघितलं, मॅडमनी भुवया उडवल्या, आणि गाडी रुळावर आली. तिनं मॅडमचा सिद्धांत इतका सुंदर मांडला की मला वाटलं, हा मोडूच नये. आणि मग शांतपणे म्हणाली, "पण मोजमापं बघितली तर मॅडमचं हे म्हणणं टिकत नाही. ते चूक आहे."

सभागृहात कुजबुज झाली. आणि दुसऱ्या रांगेत अण्णा ताडकन उभे राहिले. चेहरा पांढरा पडलेला. नारळासकट हात जोडून म्हणाले, "मॅडम, माफ करा. पोरगी भीतीनं कायच्या काय बोलली. अगं सविते, कुणापुढं बोलतीस तू? ज्यांनी शिकवलं त्यांनाच चूक म्हणतीस? खाली ये!"

सविताच्या डोळ्यांत पाणी आलं. विभागप्रमुख अर्धे उठले.

मॅडम आपल्या खुर्चीतून उठल्या, अण्णांपाशी गेल्या आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "अण्णा, बसा. ती भीतीनं नाही बोलली. ती बरोबर बोलतीय. मी चुकले."

"तुमी कशा चुकाल मॅडम?"

"माणूस आहे, चुकणार की. पण माझी चूक सापडायला इतकी वर्षं गेली. मोठमोठ्या लोकांना नाही सापडली. तुमच्या पोरीला सापडली." मग त्या मंचाकडं वळल्या. "सविता, बाकीचे थांबतील. आधी अण्णांना सांग, तू काय शोधलंस ते."

सवितानं डोळे पुसले. जरा विचार केला.

"अण्णा, पंगत बसलीय असं समजा. जेवण झाल्यावर कळलं की ताटांत बुंदी हिशोबापेक्षा जास्त गेलीय. मॅडमचं म्हणणं असं होतं की, पहिला जो वाढपी आला, त्यानंच काही ताटांत ओंजळ-ओंजळ ओतली. पण तसं असतं तर काही ताटांत ढीग दिसला असता आणि काहींत नेहमीएवढीच. मी ताटं, म्हणजे कणांची एकेक सर, बघितली. सगळ्या ताटांत जवळपास सारखीच आहे. थोडी थोडी जास्त, पण सारखीच."

अण्णा विचारात पडले. शंभर पंगती उठवलेला माणूस. हळूच म्हणाले, "म्हंजे एका वाढप्याचं काम नाय ते. सगळ्यांचाच हात सैल हाय."

"व्हय, अण्णा," सविता म्हणाली. "पहिल्या टकरीतच नाही. पुढच्या प्रत्येक टकरीत थोडं थोडं."

हशा आणि टाळ्या एकदमच झाल्या. अण्णा खाली बसले, पण आता पाठ ताठ. टाळ्या थांबल्यावर सबनीस उठले. ते हसत नव्हते. त्यांनी एकामागून एक प्रश्न टाकले, खरे टोचणारे. आकड्यांतली चूक किती धरली, हवेचा हिशोब कुठला घेतला, हे का सोडलं, ते का घेतलं. मी मॅडमकडं बघत होतो. विद्यार्थी अडला की मार्गदर्शक मध्ये पडतात, अशी रीत आहे. मॅडम हाताची घडी घालून बसल्या होत्या. सविता एकेक उत्तर देत गेली. शेवटी सबनीस म्हणाले, "ठीक आहे. मग सगळ्याच वाढप्यांचा हात सैल का?"

सवितानं कागद खाली ठेवला. ती म्हणाली, "सर, ते मला माहीत नाही."

सबनीस मॅडमकडं वळून म्हणाले, "सुलभा, आपल्याला हे वाक्य म्हणायला किती वर्षं लागली गं?"

"तुला अजून जमत नाही," मॅडम म्हणाल्या.

शाल मॅडमच्या खांद्यावर आली तेव्हा त्यांनी ती तशीच उचलली, मंचाच्या कडेला उभ्या असलेल्या सविताच्या अंगावर घातली आणि ध्वनिक्षेपकापाशी जाऊन त्यांचं त्या दिवसाचं एकमेव भाषण केलं. "मला विचारतात, तुम्ही इथं राहून काय मिळवलं. ही मिळवली. तसल्ली झाली." आणि खाली येऊन बसल्या.

सविताचं काम प्रसिद्ध झाल्यावर परदेशातल्या एका जुन्या सहकाऱ्यानं मॅडमना सहानुभूतीची ईमेल पाठवली. इतक्या वर्षांचं काम असं गेलं, फार वाईट वाटलं, वगैरे. मॅडमनी मला बोलावून उत्तर वाचून दाखवलं. 'सांत्वन नको, अभिनंदन करा. अशी विद्यार्थिनी तुमच्याकडं आहे का?' म्हणाल्या, "इंग्रजी बघा, उद्धट वाटतंय का?" मी म्हणालो, "थोडं वाटतंय." त्या म्हणाल्या, "मग बरोबर आहे," आणि बटण दाबलं.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मॅडम पुण्याला भावाकडं असताना गेल्या. आजार फार लांबला नाही. मला त्यांचा शेवटचा चेहरा बघायला मिळाला नाही, आणि आता त्याची खंत वाटत नाही. मला आठवतो तो त्याआधीचा, कन्नडच्या स्टँडवरचा.

सविताला पदवी मिळाली होती आणि दक्षिणेतल्या एका मोठ्या संशोधन संस्थेत जागाही. गावानं तिचा सत्कार ठेवला. मॅडम एसटीनं आल्या, मी मोटारसायकलवर गेलो. गावात बँड लावला होता. अण्णांनी मॅडमना पंगतीत पहिलं पान वाढलं. बाया एकमेकींना दाखवत होत्या, "ह्याच त्या चुकलेल्या बाई." मॅडमनी ते ऐकलं आणि त्या बाईला जवळ बसवून घेतलं.

परत निघताना कन्नडला एसटी चुकलेली. मॅडम आणि त्यांना सोडायला निघालेली सविता काळीपिवळी जीपमध्ये बसल्या. मागच्या बाकावर माणसं आधीच दाबून बसलेली, मॅडमच्या एका बाजूला भाजीची पाटी, दुसऱ्या बाजूला सविता. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. जीप सुटायची वाट बघत असताना मॅडम सविताला म्हणाल्या, "मला त्या सैल हाताचं एक कारण सुचलंय."

"सांगा."

"बहुतेक चूकच असेल."

"आधी सांगा तर."

मॅडमनी पर्समधून लग्नाची एक जुनी पत्रिका काढली, उलटी केली आणि गुडघ्यावर ठेवून लिहायला लागल्या. दोन ओळी झाल्या नाहीत तोच सविता म्हणाली, "नाही नाही, हे असं घेता येत नाही." मॅडम म्हणाल्या, "कामून येत नाही?" भाजीवाली बाई एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघायला लागली. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. मी म्हणालो, "मॅडम, येतो मग." त्यांनी ऐकलं नाही. मी हात वर केला. जीप वळून रस्त्याला लागली, मागची ताडपत्री उघडीच होती, आणि आत दोघी एकाच पत्रिकेची दोन टोकं धरून, एकमेकींना बोलू न देता, भांडत होत्या.